मोंढ्यामागची रिंग

९ जानेवारी, मंगळवार

वाचनालयातल्या बाईंनी आज एक पुस्तक गळ्यात मारलं. ‘वेशीपासून रिंगेपर्यंत’. खाली बारीक अक्षरात, परभणीचा इतिहास आणि बास्केटबॉल. लेखक बन्सीधर पेडगावकर, निवृत्त बँक अधिकारी. मी म्हटलं, बाई, हे म्हणजे पुरणपोळीला ठेचा लावून खाण्यातला प्रकार झाला. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही खेळत होता ना एके काळी, न्या तर खरं.

पाटबंधारे खात्यात सगळी हयात टिपण्या लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळं कुणाचंही लिखाण हातात आलं की आधी चुका दिसतात. पहिल्याच पानावर दोन सापडल्या. गीताबाईंना, म्हणजे आमच्या घरच्या साहेबांना, दाखवायला गेलो तर म्हणाल्या, चुका काढायची एवढी हौस असेल तर मेथीतल्या काड्या काढा. मेथी पुढ्यात घेऊन वाचायला बसलो. मेथी तशीच राहिली. संध्याकाळी पिठलं झालं आणि वर बोलणीही खाल्ली.

११ जानेवारी, गुरुवार

गडी लिहितो मात्र झकास. कबूल करायला जड जातंय, पण दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.

निजामाच्या काळात हैदराबादेहून एक ड्रिल मास्तर बदलून आला. त्यानं मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, मोकळ्या जागेत दोन खांब रोवले. रिंग कुठून आणायची? तर एका शेतकऱ्याकडून जुन्या मोटेचं लोखंडी कडं आणून ठोकलं. ज्या कड्यानं विहिरीतलं पाणी वर आलं, त्यातून आता चेंडू खाली पडायला लागला, असं पेडगावकर लिहितात. पुढं म्हणतात, गुण आधी उर्दूत पुकारले जायचे, पोलीस ॲक्शननंतर मराठीत पुकारायला लागले, भांडणं मात्र बरीच वर्षं उर्दूतच चालू राहिली. मी एकटाच मोठ्यानं हसलो. गीताबाई आतून बघून गेल्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच रिंगेखाली सुकडी वाटायचे. मी त्या रांगेत उभा होतो. पुस्तकात रांगेचं वर्णन आलं आणि मला सुकडीचा वास आला, अगदी खराखुरा. एखाद्या पुस्तकानं माझ्याशी असं कधी केलं नव्हतं. शहराचा इतिहास म्हणजे राजे, सनदा आणि शिलालेख, असं मी समजत होतो. मी ज्या मातीत गुडघे फोडून घेतले तीही त्यात धरतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि काट्याची फरशी! तीही आहे पुस्तकात. मोंढ्यातला माल मोजायचा मोठा काटा जिथं उभा राहायचा, तिथं जमिनीत एक शहाबादी फरशी बसवलेली होती. ती नेमकी आमच्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात यायची. बाकी सगळा दाबलेला मुरूम, तेवढ्याच जागी चेंडू हातभर जास्त उसळायचा. बाहेरच्या संघांना हे ठाऊक नसायचं. तुरीच्या दिवसांत तर मैदानावर तूर पसरलेली असायची. हमालांबरोबर आम्हीच ती गोळा करायचो, झाडून घ्यायचो, फक्कीच्या रेषा मारायचो आणि मग खेळायचो.

हे रंगनाथला वाचून दाखवलं पाहिजे. उद्याच जातो.

१२ जानेवारी, शुक्रवार

रंगनाथ गिराम, मूळचा वालूरचा, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. जन्मभर एसटीची गाडी चालवली. दोन वर्षांखाली काचबिंदूनं त्याचे डोळे गेले, आणि तेव्हापासून हा माणूस खाटेवरून उठलाच नाही म्हटलं तरी चालेल. दाढी वाढलेली. रेडिओही नको म्हणतो. मुलगा गंगाखेडच्या कारखान्यावर असतो, सुटीला येतो. घरात सून सविता, सासऱ्याला मामा म्हणते. ती बिचारी म्हणते, काका, मामा जेवण झालं का एवढ्यालासुद्धा मान हलवून उत्तर देतात.

मी जाऊन बसलो, काही न बोलता पुस्तक उघडलं आणि मोटेच्या कड्यापासून सुरुवात केली. अर्ध्या पानात गडी उठून भिंतीला टेकून बसला. म्हणाला, ते कडं आमच्या आज्याच्या मोटंचं असंल. मी म्हटलं, तुझ्या आज्याच्या विहिरीत पाणी होतं का कधी? तो हसला. सविता स्वयंपाकघरातून धावत आली, हसायला काय झालं म्हणून.

निघताना त्यानं माझा हात धरला. “सिद्धू, एकोनऐंशीची फायनल आली का रं त्यात?”

ती फायनल म्हणजे रंगनाथचं अख्खं आयुष्य. मोंढ्यामागच्या मैदानावर नांदेडशी सामना, आम्ही एका गुणानं मागं, आणि शेवटच्या क्षणी यानं डाव्या कोपऱ्यातून बास्केट केली. एसटीतल्या एकाही कंडक्टरला ती गोष्ट ऐकल्याशिवाय याच्या गाडीवर ड्युटी करता आली नसेल.

म्हटलं, येईल की, पुढं असणार. तो म्हणाला, मग रोज येत जा. चार वाजता. च्या सांगून ठिवतो.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. काल नामविस्तार दिनाचा कार्यक्रम होता, त्यामुळं रंगनाथकडे खाडा. आज तिळगूळ घेऊन गेलो तर गडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. सविता हळूच म्हणाली, सकाळपासून चार वाजले का, चार वाजले का चाललंय. मला इतका आनंद झाला की तिळगूळ द्यायचाच विसरलो.

वाचन आता सत्तरच्या पुढं आलंय. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगली पेडगावकरांनी चार ओळींत उरकल्यात. ‘जिल्ह्यात काही काळ तणाव होता.’ बस्स. आम्ही ते दिवस कसे काढले ते चार ओळींत मावत नाही, पण असो. बास्केटबॉलचं पुस्तक आहे, सगळ्याचा हिशेब त्याच्याकडं कशाला मागायचा. मी त्या ओळी वाचल्या. रंगनाथ काही बोलला नाही. मीही नाही.

घरी आल्यावर राहवेना म्हणून पुढचं सातवं प्रकरण चाळलं. फायनलचं.

रंगनाथ त्यात नाही.

तीनदा बघितलं. मैदान आहे, तूर आहे, पेट्रोमॅक्स आहेत, नांदेडचे खेळाडू नावानिशी आहेत. ‘शेवटच्या क्षणी झालेल्या बास्केटमुळे परभणीने बाजी मारली.’ झालेल्या! आपोआप झाली जणू. शेजारी विजयी संघाचा फोटो, मध्ये ढाल घेऊन आमचा कप्तान तात्याराव, आता हयात नाही. खाली सगळ्यांची नावं. ज्यांचे चेहरे फोटोत, त्यांचीच नावं मजकुरात. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत काढला होता आणि रंगनाथ तेव्हा गावात नव्हता. मीही नव्हतो. म्हणून मीही नाही. माझं सोडा, मी काय, बदली खेळाडूच्या लायकीचा. पण रंगनाथ?

गीताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, खरं ते सांगून टाका, मित्र आहे तुमचा. सांगणं सोपं आहे हो. पण इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला कसं सांगू, की तू नव्हतासच म्हणून?

१७ जानेवारी, बुधवार

जे झालं ते लिहून टाकतो.

सातवं प्रकरण सुरू केलं. रंगनाथ श्वास धरून ऐकायलेला. तूर झाली, पेट्रोमॅक्स झाले, आणि ती ओळ आली. ‘शेवटच्या क्षणी’ एवढं वाचलं आणि माझं तोंड आपोआप पुढं चालायला लागलं.

म्हटलं, ‘वेळ संपत आली होती. नांदेड एका गुणाने पुढे होते. अशा वेळी वालूरच्या रंगनाथ गिराम या उंच, सावळ्या तरुणाने चेंडू हाती घेतला. काट्याच्या फरशीवर त्याने तो असा काही आपटला की समोरचा खेळाडू गोंधळून गेला, आणि पुढच्याच क्षणी रंगनाथने तो अलगद रिंगेत सोडला. मोंढ्यातील हमालांनी त्याला खांद्यावर घेतले.’

पुस्तक मी तसंच धरून होतो, त्याच पानावर. त्याला काय दिसतंय म्हणा. दिसत नाही तरी माझी मान लाजेनं खाली गेली होती.

रंगनाथ म्हणाला, चांगलं लिव्हलंय गड्यानं. पुढं म्हणाला, पान लय मोठं हाय रं हे. म्हटलं, हो, मोठ्या आकाराचं पुस्तक आहे.

घरी येताना आधी लाज वाटली. मग कोपऱ्यावर येईस्तोवर थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला लिहू. खात्यात असतो तर एका झटक्यात मंजूर झाली असती अशी ती टिपणी होती.

२३ जानेवारी, मंगळवार

व्यसन लागल्यासारखं झालंय. रोज खरं थोडं वाचतो आणि मध्ये रंगनाथ घालतो. औरंगाबादच्या सामन्यात घातला. येलदरीला सहल गेली होती तिथं घातला, धरणाच्या भिंतीवर चेंडू आपटत चालला म्हणून. हे खरंच घडलं होतं, मी काही हवेतून काढत नाही. घडलेलंच सांगतो, फक्त छापलेलं नाही एवढंच. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दुसऱ्या दिवशीचा मसुदा मनात तयार करतो.

आज मात्र पंचाईत झाली. रंगनाथ म्हणाला, ते फायनलचं पान पुन्यांदा वाच. मी वाचलं. पण मसुदा लिहून थोडाच ठेवलाय, जसं आठवलं तसं म्हणत गेलो. मध्येच त्यानं थांबवलं. परवा हमालांनी खांद्यावर घेतलं व्हतं, आज कॉलेजच्या पोरांनी घेतलं, असं म्हणाला. मी म्हटलं, दोघांनीही, परवा एक ओळ गाळली माझ्याकडून. बरं बरं, म्हणाला आणि मिशीत हसला. खूश होता.

मग विचारलं, “पास कुनी दिला म्हनून लिव्हलंय?”

म्हटलं, ते काही लिहिलेलं नाही.

“अन् तुझं नाव कसं येईना कुठं?”

म्हटलं, सगळ्यांना घेतलं तर ते पुस्तक कसलं, मतदार यादी होईल. तो हूं म्हणाला. मग सविताला हाक मारून म्हणाला, तुझ्या काकाला च्यात साखर जास्त टाक, लय दमायलेत. काय त्याचं एकेक.

सविता सांगत होती, मामा कालपासून अंगणात फेऱ्या मारायलेत, दोरीला धरून. हे ऐकल्यावर मी माझ्या पापाचा विचार करणं सोडून दिलं.

२७ जानेवारी, शनिवार

केलेलं अंगाशी आलं.

रंगनाथच्या डोक्यात आलंय, लेखकाचा सत्कार करायचा. एवढं लिव्हलं मानसानं आपल्यावर, शाल-श्रीफळ तरी द्यावं का न्हाई? मी म्हटलं, अरे मोठा माणूस आहे तो, येणार नाही. तर याच्या म्हणण्यावरून सवितानं आधीच फोन लावलेला. पुस्तकावर नंबर होता. पेडगावकर म्हणाले, येतो की, चार तारखेला रविवारी येतो, वाचकानं घरी बोलवावं यासारखं दुसरं सुख नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पेडगावकर येणार, रंगनाथ म्हणणार माझ्यावर काय झकास लिहिलंत, आणि पेडगावकर विचारणार, तुम्ही कोण? शेजारीपाजारी बसलेले असणार. दोरीला धरून अंगणात आलेला माणूस परत खाटेवर जाईल आणि या खेपेला उठणार नाही. मला हे स्पष्ट दिसतंय.

गीताबाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, सांगा. मी म्हटलं, तुमी सांगा. त्या म्हणाल्या, खोटं तुमी वाचलं, मी कामून सांगू? बरोबर आहे त्यांचं.

३० जानेवारी, मंगळवार

शेवटी पेडगावकरांच्याच घरी गेलो. माणूस सज्जन निघाला, हीच अडचण. भांडायला गेलो होतो, चहा पिऊन आलो.

सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, वाव्हळे, मी मूळचा इथला नाही, नोकरीनिमित्त आलो आणि राहिलो. माझ्याकडं जे फोटो आणि कात्रणं आली त्यावरच लिहिलं. तात्यारावांच्या घरच्यांनी तो फोटो दिला. फोटोत जे होते ते घेतले. तुमच्याकडं दुसरा काही पुरावा आहे का?

मी म्हटलं, मी आहे की.

ते हसले नाहीत. विचारलं, तुम्ही दोघं फोटोला का नव्हता? म्हटलं, बाहेरगावी गेलो होतो, काम निघालं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मी चहा पीत राहिलो. काय बोलायचं? ते ज्याचं त्यानं सांगावं.

मग हात जोडून म्हटलं, रविवारी एवढं करा, रंगनाथ जे म्हणेल त्याला हो म्हणा. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, मी स्वतःहून विषय काढणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर न लिहिलेलं लिहिलंय असं मला म्हणता येणार नाही. माणसाला तत्त्वं असावीत, पण इतकी? रागानं निघालो. दारातच आठवलं, पुस्तकाबद्दल चांगलं बोलायचं राहिलं. परत फिरलो आणि म्हटलं, सुकडीची रांग फार सुंदर लिहिलीत. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ते मला एका हमालानं सांगितलं होतं.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगायचंच म्हणून गेलो होतो. ‘रंग्या, एक गोष्ट आहे’ एवढं तोंडातून निघालंही. तो म्हणाला, गोष्ट उद्या. आज पुस्तक ठेवून जा माझ्यापाशी.

मी म्हटलं, तुला कशाला पुस्तक? तो म्हणाला, हातात धरून बसतो. नाही कसं म्हणणार. ठेवून आलो. आता जीव टांगणीला लागलाय. सविता शिकलेली आहे. त्यानं तिला म्हटलं, ते सातवं प्रकरण वाच गं जरा, तर? उरुसाला गीताबाईंना घेऊन गेलो होतो, रहाटपाळणे, मिठाया, सगळी परभणी लोटलेली. मला काही दिसत नव्हतं. गीताबाईंनी जिलेबी घेतली, ती हातात तशीच गार झाली.

ठरवलं, उद्या सगळ्यांच्या आधी जाऊन सांगायचं. रागावला तर रागावला.

४ फेब्रुवारी, रविवार

लवकर गेलो, पण पेडगावकर माझ्याही आधी येऊन बसलेले. बँकेच्या माणसाची वेळ. अंगणात सतरंजी टाकलेली, शेजारचे चारपाच जण, सविता पोहे देत होती. रंगनाथ पांढऱ्या शर्टात, मांडीवर पुस्तक. माझा आवाज ऐकून म्हणाला, ये, इथं माझ्याजवळ बस. गीताबाई पलीकडं बसल्या.

सत्कार झाला. रंगनाथनं चाचपत शाल घातली, ती निम्मी पेडगावकरांच्या डोक्यावर आली. नारळ दिला. पेडगावकर थोडं बोलले, घाम पुसत बोलले. माझ्याकडं बघायचं टाळत होते. मी तर जमिनीकडंच बघत होतो. मला फक्त एवढंच वाटत होतं की आता होईल, आता होईल.

रंगनाथ म्हणाला, “साहेब, तुमच्या पुस्तकातलं येक पान मला लय आवडलं. ते आज म्या वाचतो.”

सगळे हसले. त्यानं खिशातून चष्मा काढला. दोन वर्षं घातला नव्हता तो. नाकावर चढवला, पुस्तक मधोमध उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. पुस्तक उलटं होतं. कुणीही सरळ केलं नाही.

“‘वेळ संपत आली होती. नांदेड एका गुणाने पुढे होते. अशा वेळी परभणीच्या सिद्धोधन वाव्हळे या बुटक्या पण चपळ तरुणाने चेंडू हिसकावला आणि रंगनाथ गिरामकडे पास दिला.’”

भाषा माझी होती. मीच त्याला ऐकवलेली, तीच तो मला परत करत होता. पण पुढं ती पुस्तकी भाषा गळून पडली आणि तो त्याच्या बोलीवर आला. बोट मात्र ओळीवरून हलत होतं.

“बास्केट रंगनाथनं केली, पर पास सिद्धूचा व्हता. लोक नाचायलेत तेवढ्यात वालूरचा माणूस निरोप घिऊन आला. रंगनाथचा बाप गेला व्हता. रंगनाथ तिथंच फरशीवर बसला. बाकीच्यांनी म्हटलं, सकाळी जा, फोटो काढून जा. सिद्धूनं त्याला उठीवलं. रेल्वेनं सेलूला नेलं, तिथून तुरीच्या रिकाम्या बैलगाडीत वालूरला. नामांतराचं पेटलेलं इझून सहा म्हैने बी झाले न्हवते. गावं अजून गरम व्हती. वाव्हळ्याच्या पोरानं त्या टायमाला परक्या खेड्यात जायचं म्हंजी काय, ते रंगनाथला ठाऊक व्हतं. तरी तो ‘नको येऊ’ म्हनला न्हाई. त्याला येकट्याला जायचं न्हवतं.”

तो थांबला. बोट थांबलं.

“दुसऱ्या दिशी रंगनाथच्या चुलतीनं घरच्यांना आत वाढलं, अन् सिद्धूला अंगनात. पत्रावळीवर. पानी वरून वतलं. रंगनाथ आत बसून जेवला. मुकाट्यानं जेवला. त्येच्या बापाला खांदा देनाऱ्यांत सिद्धू व्हता, तरी जेवला. तिसऱ्या दिशी मातुर रंगनाथ आपलं ताट घिऊन अंगनात आला अन् सिद्धूशेजारी बसला. कुनी काई बोललं न्हाई. दोघं बी काई बोलले न्हाईत. आजपस्तोर बोलले न्हाईत.”

मग म्हणाला, “हितं पान सपलं.”

गीताबाई माझ्याकडं बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. काय सांगायचं होतं? ते दिवसच तसे होते, आणि तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला होता ना. माझ्यासाठी ते तिथंच मिटलं होतं. त्याच्यासाठी मिटलं नव्हतं हे मला आज कळलं. मला रडू आवरेना. भर अंगणात, शेजाऱ्यांसमोर मी लहान पोरासारखा रडलो, आणि रंगनाथ चष्मा लावून समोर बघत बसला होता.

पेडगावकरांनी घसा साफ केला. “रंगनाथराव, हे माझ्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?”

“ते सिद्धूला इचारा. माझं नाव यायचं तवा ह्यो पान उलटीत न्हवता. बाकी कागद फडफड वाजायचे अन् माझी पाळी आली की गप. डोळे गेले साहेब, कान हायेत.” मग त्यानं पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “आज म्या बी उलटलं न्हाई.”

म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं होतं याला. आणि तरी रोज दाढी करून बसत होता.

पेडगावकरांनी खिशातून कागद काढला. मला म्हणाले, वाव्हळे, फोटोला तुम्ही का नव्हता, ते आता लिहून घेऊ का? मी म्हटलं, लिहा. चार ओळींत उरकू नका मात्र. ते म्हणाले, नाही उरकणार. आणि सतरंजीवर मांडी घालून लिहायला बसले, शाल तशीच खांद्यावर.

घरी आल्यावर गीताबाई कुलूप काढता काढता म्हणाल्या, उद्या जाताना रंगनाथभावजींना थोडी मेथीची भाजी घेऊन जा. निवडून देते.

५ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात जाऊन पुस्तकाची मुदत वाढवून आणली. बाई म्हणाल्या, आवडलेलं दिसतंय. म्हटलं, ठीक आहे, चुका बऱ्याच आहेत.

चार वाजता गेलो. रंगनाथनं डबा हुंगला, कुठवर आलतो म्हणून विचारलं. आठवं प्रकरण काढलं. रेल्वेचं रुंदीकरण, जुनं मैदान कमी होत गेलं त्याची हकिगत. आज जे छापलंय तेच वाचलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. पानं मात्र जरा आवाज करूनच उलटली.